‘बीपीएम एकच हवा’ हे कलम काढा : चार्ट स्पर्धांच्या परीक्षकांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या कॉलेज महोत्सवांत रिदम गेमच्या (गाण्याच्या लयीवर कळा दाबायच्या खेळाच्या) चार्ट स्पर्धा भरवणाऱ्या आणि त्या तपासणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

यंदाची नियमपत्रकं अजून छापायची आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. गेल्या वर्षी आपल्याच भागातल्या एका स्पर्धेच्या पत्रकात असं कलम होतं की गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असला पाहिजे, आणि एकाहून जास्त टायमिंग पॉइंट (इथून वेग एवढा, असं सांगणाऱ्या खुणा) दिसले तर चार्ट सिंकमध्ये, म्हणजे गाण्याशी जुळलेला, नाही असं धरलं जाईल. त्या कलमाखाली खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा चार्ट, म्हणजे गाण्यावर कुठली कळ कधी दाबायची याची त्याने केलेली मांडणी, पहिल्याच फेरीत बाद झाला. गावातल्या गोंधळात वाजलेला संबळ त्याने स्वतः रेकॉर्ड केला होता आणि त्यावर चार्ट बांधला होता. मी तो पुष्कळदा खेळले आहे. त्या स्पर्धेतले जे जे चार्ट मला खेळायला मिळाले, त्यांत गाण्याच्या सर्वांत जवळ गेलेला तोच होता. बाद झाल्याचं कारण त्याला एका ओळीत कळवलं गेलं. पुढच्या वेळी तो लॅपटॉपवर बनवलेलं, एका वेगाचं एखादं इलेक्ट्रॉनिक गाणं घेईल आणि संबळाच्या वाटेला जाणार नाही, ही मला लागलेली चिंता आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की चार्ट कानाने तपासा. बोट पडतं तिथे गाण्यात काही वाजतंय का, आणि जे वाजतंय त्याला शोभेल असंच बोट पडतंय का, हे ऐकून झाल्याशिवाय दुसरं काहीही मोजू नका. आणि माणसाने वाजवलेल्या लयीला यंत्राच्या लयीचा नियम लावू नका.

ज्या प्राध्यापकांनी हा खेळ पाहिलेला नाही आणि तरी आयोजक म्हणून ज्यांची सही लागते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर चार रांगांतून नोट्स खाली येतात. नोट रेषेवर आली की डी, एफ, जे, के यांपैकी तिची कळ दाबायची. कोनामी या जपानी कंपनीचा बीटमेनिया 1997 साली आणि डान्स डान्स रिव्होल्यूशन 1998 साली आला, तेव्हा चार्ट कंपनीच बनवत असे. पुढे स्टेपमेनिया आणि 2007 साली आलेला ओसू या संगणकावरच्या खेळांमुळे खेळणारेच चार्ट बनवू लागले. कोणत्या क्षणी, कोणत्या रांगेत, किती नोट्स, हे ठरवणं म्हणजे चार्ट. गाणं तेच राहतं, पण ते हातातून कसं जाणवेल ते चार्ट बनवणारा ठरवतो. तबल्याच्या साथीला जितकं ऐकावं लागतं तितकंच इथेही ऐकावं लागतं.

आता त्या कलमाबद्दल. 120 बीपीएमला एक ठोका बरोबर 500 मिलिसेकंदांचा. समजा गाणं खरं तर 120.5 ला वाजतंय आणि आपण 120 लिहिलं. प्रत्येक ठोक्याला जेमतेम दोन मिलिसेकंदांचा फरक पडतो. ऐकताना तो कळतही नाही, पण तो साचत जातो. साठ ठोके झाले, म्हणजे अर्धं मिनिट गेलं, की चार्ट गाण्यापासून सुमारे 125 मिलिसेकंद सरकलेला असतो. 125 मिलिसेकंद म्हणजे पाव ठोका, म्हणजे नोट्स चक्क शेजारच्या घरात जाऊन बसल्या. आणि स्टेपमेनियाच्या चौथ्या पातळीच्या जजमध्ये (चूक किती कडकपणे मोजायची त्या पातळीत) सर्वांत वरचा ‘मार्व्हलस’ मिळायला चूक 22.5 मिलिसेकंदांच्या आत लागते, तर 90 च्या पुढे ‘ग्रेट’सुद्धा मिळत नाही. अर्ध्या बीपीएमच्या चुकीने एवढं होतं. संबळ तर शंभराच्या आसपास सुरू होऊन शेवटी दीडशेच्या घरात जातो. त्याला एकच बीपीएम लावा म्हणणं म्हणजे चार्ट मुद्दाम बिघडवा म्हणणं.

आणि तो वेग वाजवणाऱ्याच्या हातून सुटलेला नसतो, त्याने तो चढवलेला असतो. गोंधळात चढतो, भजनात शेवटच्या गजराला चढतो, आमच्या पथकातही एकेक हात (ठरलेला ठेका) संपवत पुढे जाताना चढतो. (मी वडगावची, पथकात ताशा वाजवते. सरावात आम्हाला घड्याळ लावून कोणी शिकवलेलं नाही, आणि तरी पथकातले सगळे एकाच वेळी वेग चढवतात.) बेळगावच्या शिवजयंतीला चित्ररथांच्या मागेपुढे रात्रभर जे वाजतं त्यातलं काहीही घ्या, मेट्रोनोमच्या टिकटिकीला चिकटून बसणारं त्यात क्वचितच सापडेल. इथल्या मुलांनी इथलं संगीत खेळात आणावं असं तुम्हाला खरोखर वाटत असेल, तर हे कलम त्यांच्या वाटेत आडवं पडलेलं आहे.

त्या मुलाने काय केलं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याने प्रत्येक आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एक टायमिंग पॉइंट ठेवला होता. प्रत्येक ठोक्यावर नव्हे, समेवर. हा निर्णय विचार करून घेतलेला आहे आणि माझ्या मते बरोबर आहे. एडिटरमध्ये, म्हणजे चार्ट बनवायच्या पडद्यावर, गाणं पाव वेगाने लावलं की प्रत्येक आघात दिसतो, आणि नवख्या मुलांना मोह होतो की प्रत्येक आघाताला रेषा चिकटवावी. तसं केलं की चार्ट कागदावर अचूक होतो आणि खेळायला वाईट होतो. कारण वाजवणाऱ्याचा एखादा आघात दहा-पंधरा मिलिसेकंद पुढेमागे पडला, तरी लय तिथून हललेली नसते. ऐकणाऱ्याच्या मनात ठोका जागच्या जागीच असतो, आणि खेळणारा त्या मनातल्या ठोक्यावर बोट टाकतो. एवढा फरक 22.5 च्या आतच राहतो, म्हणून तो सोडून द्यावा. पण आवर्तनाअखेर लय खरोखर पुढे गेली असेल तर समेला ती पकडलीच पाहिजे. कुठला फरक सोडायचा आणि कुठला पकडायचा, यातच चार्ट बनवणाऱ्याचा कान दिसतो. गुण द्यायचे तर यालाच द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

एक तांत्रिक गोष्ट इथे येते. ओसूच्या मेनिया प्रकारात बीपीएम बदलला की नोट्स खाली येण्याचा वेगही बदलतो. त्यामुळे टायमिंग पॉइंट जास्त असले तर पडदा हिसके देतो, ही तुमची तक्रार खरी आहे. पण तिला उपाय आहे. गाण्याचा मूळ वेग 120 धरला आणि एखाद्या ठिकाणी तो 150 झाला, तर तिथे हिरवी रेषा (नोट्सचा वेग ठरवणारी खूण) टाकून वेगाचा गुणक 0.8 करायचा, म्हणजे नोट्स पूर्वीच्याच वेगाने येतात. बाद झालेल्या चार्टमध्ये बीपीएम सांगणाऱ्या प्रत्येक लाल रेषेशेजारी अशी हिरवी रेषा होती. एडिटर उघडून वरवर पाहिलं तर तो रेषांचा पसारा वाटेल. खेळून पाहिलं तर पडदा शांतपणे वाहतो. स्टेपमेनियात तर खेळणाऱ्याला वेग कायम ठेवण्याची सोयच दिलेली आहे. परीक्षकाने ती वापरली की नाही, एवढं फक्त टिपून ठेवावं.

तालाबद्दलही थोडं. भजनी ठेका आणि केरवा आठ मात्रांचे, ते चार-चारच्या मापात आपसूक बसतात. रूपक सातचा, तीन-दोन-दोन. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. स्टेपमेनियाच्या फाइलमध्ये माप चार ठोक्यांचंच असतं, त्यामुळे मापाची रेषा दर वेळी समेवर पडणार नाही. हा त्या फाइलचा स्वभाव आहे, मुलाची चूक नाही. तसंच एका ठोक्याचे तिथे 48 भाग असतात आणि 48 ला पाचाने भाग जात नाही. कुणी एका मात्रेत पाच आघात मांडले तर ते अगदी नेमक्या जागी बसणार नाहीत, पण 120 च्या लयीला चूक फार तर पाच मिलिसेकंदांची होते. त्यासाठी गुण कापू नका.

सिंक झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो तो म्हणजे काय घ्यायचं आणि काय सोडायचं. इथे आपल्या स्पर्धांत सर्वांत मोठी गल्लत होते असं माझं मत आहे. ताशाची तर्री, म्हणजे सलग झरझर पडणारे आघात, घ्या. तिच्यातला प्रत्येक आघात नोट म्हणून मांडला तर खेळणाऱ्याच्या हाती नुसती बडवाबडवी उरते. आजी खोलीत आली की विचारते, “काय बडवूलालास गं?” तिचं बरोबर असतं. स्टेपमेनियात रोल नावाची, कळ भराभर दाबत राहायची नोट आहे, तायको या जपानी खेळात ड्रमरोल आहे. तर्री त्यात घालावी आणि तर्रीतून बाहेर पडताना जो ठसका येतो त्यावर एक स्वच्छ नोट द्यावी. ढोल घुसतो तिथे जोड नोट (दोन कळा एकदम), झांज उसळते तिथे तिहेरी. ढोलाच्या टिपराचा टोल आणि हाताची थापी हे दोन वेगळे आवाज आहेत, मग चार्टमध्ये त्यांच्या जागाही वेगळ्या असाव्यात. तायकोत तर ‘दोन’ आणि ‘का’ असे दोनच आघात असतात. संबळाच्या दोन तोंडांना, एक खर्जाचं आणि एक तीव्र, यापेक्षा सोयीची मांडणी कुठे मिळणार?

‘खाली’बद्दल, म्हणजे तालातल्या टाळी न देण्याच्या जागेबद्दल, मला जरा जास्त बोलायचं आहे. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते आणि त्या विभागात बायाचा (डग्ग्याचा) घुमारा थांबतो. ज्या चार्टमध्ये टाळीच्या मात्रांना जोड नोट्स आहेत आणि खालीच्या विभागात एकेरी, तो चार्ट बनवणाऱ्याला ताल ऐकू आला आहे. अशाच एका चार्टवर ‘मध्ये नोट्स कमी पडल्या’ असा शेरा मी वाचला आहे. नोट्स कमी पडलेल्या नव्हत्या, तिथे वजनच कमी होतं. खेळताना हाताला ते हलकेपण कळतं, आणि पुन्हा धा वर जोड नोट आली की समेवर आल्याचा आनंद होतो. असा आनंद देणारी जागा शेऱ्यात तोटा म्हणून नोंदली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गायलेल्या गाण्यांचं तसंच. शब्दाचा ठोका ध्वनिरेखेत आवाज जिथे सुरू होतो तिथे ऐकू येत नाही, तो स्वर सुरू होतो त्याच्या आसपास ऐकू येतो. ‘श्री’ म्हणताना श चा सूसू आवाज आधी सुटतो, पण ठोका ई पाशी पडल्यासारखा वाटतो. त्यामुळे अभंगाच्या चार्टमध्ये नोट ध्वनिरेखेच्या सुरुवातीपेक्षा जराशी उशिरा दिसली तर लगेच चूक धरू नका, डोळे मिटून ऐका. इथली मुलं मराठी गाण्यांइतकेच कन्नड गाण्यांचेही चार्ट बनवतात, आणि ते छानच आहे. मात्र कन्नड गाण्याचा चार्ट तपासताना कन्नड गाणारं कुणीतरी शेजारी असावं, मराठीचा तपासताना मराठी गाणारं.

आता ताऱ्यांच्या आकड्याकडे येते. ओसूत चार्टची काठिण्यपातळी ताऱ्यांत येते, एटर्ना या दुसऱ्या खेळात वेगळा आकडा येतो. काही स्पर्धांत त्याला थेट गुण आहेत, जितके तारे जास्त तितके गुण जास्त. हा आकडा काढणारं गणित फक्त नोट्सच्या जागा, त्यांच्यातलं अंतर आणि वेळ पाहतं. ते गाण्याची फाइल उघडतसुद्धा नाही. त्याच चार्टखाली दुसरंच गाणं लावा, तारे तेवढेच राहतील. ज्या आकड्याला गाणं कुठलं हे माहीतच नाही, त्याच्यावर गाण्याच्या चार्टचा निकाल कसा लावायचा? सोपा चार्ट चांगला करणं तर आणखी अवघड, कारण थोड्याच नोट्समध्ये गाण्याचा सगळा आकार धरावा लागतो. नवशिक्यासाठीच्या चार्टला स्वतंत्र बक्षीस ठेवलंत तर फार बरं होईल.

आणि तपासायचं कसं, हेही सांगायला हवं. सभागृहात प्रोजेक्टरवर चार्ट आपोआप चालवून, ब्लूटूथ स्पीकरवर आवाज सोडून परीक्षण झालेलं मी पाहिलं आहे. ब्लूटूथमुळे आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचं आहे. शिवाय आवाज हवेतून एक मीटर यायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे दहा मीटर मागे बसलेल्या परीक्षकाला तीस मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. अशा ठिकाणी बसून सिंकबद्दल बोलताच येत नाही. वायरचा हेडफोन लावा, त्या संगणकाचा ऑफसेट (आवाज आणि पडदा यांतला वेळेचा फरक) आधी जुळवून घ्या, आणि चार्ट स्वतः खेळा. स्वतःला कठीण चार्ट खेळता येत नसेल तर खेळता येणाऱ्याला बसवा आणि आपण शेजारी हेडफोन लावून ऐका. कीबोर्डही तपासून घ्या. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की त्यातली एखादी लागतच नाही, आणि दोष चार्टच्या जोड नोट्सना जातो.

एका ठिकाणी तर जागा वाचवण्यासाठी आलेल्या सगळ्या गाण्यांच्या फाइल आयोजकांनी पुन्हा एमपी3 करून घेतल्या होत्या. एमपी3 बनताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते. एमपी3 बनवणाऱ्या लेम एन्कोडरचे 576 नमुने आणि ती वाजवणाऱ्या डिकोडरचे 529 मिळून 1105, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दराने सुमारे 25 मिलिसेकंद. काही प्रोग्रॅम ती शांतता कापतात, काही कापत नाहीत. कापली गेली नाही तर नीट जुळवलेला चार्ट एका फटक्यात 22.5 च्या बाहेर पडतो, आणि मुलाला कळतही नाही की आपलं काय चुकलं. मुलांनी दिलेल्या फाइलला हात लावू नका, कृपा करून.

निकालासोबत शेरे लेखी द्या आणि प्रत्येक शेऱ्याला वेळ लिहा. ओसूमध्ये चार्ट रँक होण्याआधी, म्हणजे अधिकृत यादीत जाण्याआधी, इतर मॅपर (चार्ट बनवणारे) तो तपासतात आणि मिनिट, सेकंद, मिलिसेकंद लिहून विचारतात की इथे ही नोट कशासाठी आहे. मग बनवणारा उत्तर देतो, बदलतो किंवा का बदलत नाही ते सांगतो. त्यानंतर दोन नॉमिनेटरांनी (चार्टची शिफारस करणाऱ्या नेमलेल्या तपासनिसांनी) मान्यता दिली की चार्ट पुढे जातो. ‘फ्लो नाही’, ‘ओव्हरमॅप्ड’ (गरजेपेक्षा जास्त नोट्स) असे दोन शब्द लिहून पाठवलेल्या कागदातून कुणी काही शिकत नाही. ‘एक मिनिट बारा सेकंदांवर गाण्यात काहीच वाजत नाही आणि तीन नोट्स आहेत’ यातून शिकतो. वेळ लिहायची म्हटली की परीक्षकालाही त्या जागी पुन्हा जाऊन ऐकावं लागतं.

परीक्षक मंडळात एक तरी तबला किंवा पखवाज वाजवणारं माणूस घ्या. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीला 1924 साली कुमार गंधर्व जन्मले, जिथे गावोगाव भजनी मंडळं आहेत, तिथे असं माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. त्यांना खेळ येण्याची गरज नाही. चार्टच्या नोट्सवर नुसता टिक आवाज लावून, गाणं मंद करून त्यांना ऐकवा आणि विचारा, हा टिक लयीत आहे का, ठेका धरतो आहे का. कुठे घसरतंय ते ते लगेच सांगतील.

आणखी एक गोष्ट, चार्टच्या माहितीत कलाकार म्हणून ‘लोकसंगीत’ एवढं लिहून सोडण्याची पद्धत पडली आहे. संबळ वाजवणाऱ्याला विचारून रेकॉर्ड करावं आणि त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव तिथे यावं. ओसूत नाव रोमन लिपीत आणि मूळ लिपीत, दोन्ही लिहिण्याची सोय आहे. देवनागरीत असो, कन्नडमध्ये असो, ते नाव पत्रकातही छापा.

यंदाच्या नियमपत्रकातून एका बीपीएमचं कलम आणि ताऱ्यांचे गुण, या दोन गोष्टी काढाव्यात अशी माझी मागणी आहे. त्याऐवजी एवढं घाला की लय बदलत असेल तिथे टायमिंग पॉइंट असणं आवश्यक आहे, आणि चार्ट परीक्षकांनी हेडफोनवर खेळून किंवा खेळवून तपासला जाईल. मसुदा करताना मदत लागली तर मी, आणि माझ्यासारख्या चार्ट बनवणाऱ्या आणखी मुली-मुलं, बसायला तयार आहोत. वायरचे हेडफोन आम्ही आणू. खानापूरच्या त्या मुलाचा चार्ट यंदा पुन्हा प्रवेशासाठी घ्या, तो मूळ फाइलसह तयार आहे.

आपली,
वडगावची एक ताशावादक आणि चार्ट बनवणारी